धुतलेला गालिचा तीन दिवस ओलाच का राहतो?

तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट कळेल. ठाण्यातला फ्लॅट, जुलै महिना, हॉलमधला सहा बाय नऊचा लोकरी टफ्टेड, म्हणजे कापडात लोकर टोचून बनवलेला, गालिचा. गणपतीच्या आधी स्वच्छ व्हावा म्हणून घरी माणूस बोलावून धुऊन घेतला. ‘सहा तासांत वाळेल’ असं सांगून तो गेला. आज तिसरा दिवस आहे. कडा कोरड्या झाल्यात, पण मधला भाग दाबला की गार लागतो. कुबट वास सुटलाय आणि एका बाजूच्या फिकट किनारीवर तपकिरी डाग उमटलाय. छताचा पंखा पाचवर फिरतोय, पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद आहेत. त्या माणसाला फोन केला तर ‘पावसाळ्यात होतं असं’ एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही विचारताय की चूक कोणाची, गालिचा वाया गेला का, आणि पुन्हा धुऊन घेतला तर वास जाईल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पुन्हा धुऊ नका, निदान तो तळापर्यंत कोरडा होईपर्यंत तरी. वास अडकलेल्या पाण्यामुळे आलाय, त्यावर आणखी पाणी घालून तो जाणार नाही. गालिचा वाया गेला का, हे त्याच्या पाठीवर अवलंबून आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पुढची बाजूच दिसतेय, त्यामुळे त्यावर आत्ताच हो-नाही म्हणता येत नाही. पाठ कशी तपासायची ते पुढे सांगतो. आणि चुकीबद्दल म्हणाल तर पावसाळ्याचं कारण अर्धंच खरं आहे. दमट हवेने सहा तासांचे चोवीस होतील, टफ्टेड लोकरीचे फार तर दीड-दोन दिवस होतील. तिसऱ्या दिवशीही मध्यभाग गार लागतो तेव्हा गालिच्यात मुळातच फार पाणी मागे राहिलेलं असतं.

म्हणून ‘वाळायला वेळ का लागतो’ या प्रश्नाचे मी नेहमी तीन तुकडे करतो: धुतल्यावर किती पाणी आत राहिलं, ते नेमकं कुठे बसलंय, आणि खोलीतून बाहेर पडायला त्याला वाट आहे का. बहुतेक लोक फक्त तिसऱ्याचा विचार करतात आणि पंखा लावतात.

पहिला तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा. या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की गालिचा निम्म्याहून जास्त वाळतो तो कारागीर घरात असतानाच. मशीनमध्ये स्पिन करून काढलेली जीन्स आणि नुसती ओली काढलेली जीन्स एकाच दोरीवर टाकली तर पहिली संध्याकाळी घालता येते, दुसरी दुसऱ्या दिवशीही कमरेजवळ ओली असते. हवा तीच, ऊन तेच. गालिच्याचंही तसंच आहे. फेस करून गोल ब्रशने घासणं हे काम दिसायला भारी असतं आणि गिऱ्हाईकही त्यावरच खूश होतं. खरी मेहनत त्यानंतरची असते, ती म्हणजे घातलेलं पाणी ओढून परत काढणं. ती कंटाळवाणी असते, आवाज करते आणि घाईत सगळ्यात आधी तीच कापली जाते.

नीट काम कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही उभं राहून बघू शकाल. ओढायच्या नळीच्या तोंडाशी बऱ्याचदा पारदर्शक पट्टी असते. पहिल्या फेरीला तिच्यातून गढूळ पाणी धावताना दिसतं, दुसऱ्या फेरीला नुसते बुडबुडे, तिसरीला काचेवर तुरळक थेंब. जिथे पाणी सोडलंय त्या प्रत्येक पट्ट्यावर पाणी बंद ठेवून, सावकाश, दोन-तीन वेळा ती नळी फिरली पाहिजे. झाडू मारल्यासारखी भराभर फिरवली तर तिला पाणी उचलायला वेळच मिळत नाही. मशीनचा आवाजही ऐकत राहा. टाकी भरली किंवा फेस वर चढला की आतला तरंगणारा गोळा उचलला जातो आणि तोंड बंद करतो. मोटरचा आवाज अचानक चढतो आणि बारीक होतो. त्यानंतर मशीन चालू असतं, पण ओढ शून्य असते. तशा मशीनने अर्धा गालिचा ‘ओढून’ झालेला मी पाहिलाय, आणि माणूस प्रामाणिकपणे घाम गाळत होता. फिल्टर तुंबला, नळीला चीर पडली, तरी हेच होतं. शिवाय घरगुती व्हॅक्यूम आणि धंद्याचं मोठं मशीन यांच्या ओढीत पुष्कळ फरक असतो. दुचाकीवर मावणारं मशीन घेऊन येणाऱ्याने निदान पाणी तरी बेताने वापरायला हवं.

शॅम्पूचाही यात मोठा वाटा आहे. जास्त शॅम्पू म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज गिऱ्हाईकांत आहे तसा कारागिरांतही आहे. शॅम्पू जास्त झाला की तो निघावा म्हणून पाणी जास्त घालावं लागतं, आणि तरीही थोडा तंतूंवर राहतोच. तो राहिलेला थर चिकट असतो आणि हवेतला ओलावा ओढतो. असा गालिचा खरं तर वाळलेला असूनही हाताला दमट लागतो आणि महिन्याभरात पुन्हा मळतो. तुमच्या गालिच्याच्या कोरड्या झालेल्या कडेवर ओला पांढरा रुमाल घासून बघा. फेस आला किंवा हाताला बुळबुळीत लागलं तर शॅम्पू राहिलाय.

आता पाणी बसतं कुठे ते पाहू. गालिचा कशाचा आहे यावर इथे सगळं ठरतं. पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे बाजारात मिळणारा स्वस्त मशीनमेड गालिचा, तंतूच्या आत पाणी जवळजवळ घेतच नाही. पाणी फक्त तंतूंच्या मधल्या जागेत असतं, म्हणून तो लवकर वाळतो. नायलॉन थोडं घेतं. लोकर मात्र आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ओलावा आत मुरवून ठेवते आणि तरी हाताला चिंब लागत नाही. सुती सतरंजी पाणी भरपूर पिते, पण पातळ असते आणि दोरीवर टाकता येते, त्यामुळे तिचा प्रश्न सहसा येत नाही. व्हिस्कोसचा चकचकीत गालिचा असेल, जो बरेच दुकानदार ‘आर्ट सिल्क’ म्हणून विकतात, तर तो पाण्याने फुगतो, भिजल्यावर कमकुवत होतो आणि वाळताना पिवळा पडतो. अशा गालिच्याला मी स्वतः ओलं मशीन लावत नाही.

तुमचा गालिचा टफ्टेड आहे, आणि अडचणीचं मूळ तिथेच आहे. भदोही-मिर्झापूरकडचा हाताने गाठी मारलेला गालिचा उलटा केलात तर मागेही नक्षी दिसते. त्याच्यात गोंद नसतो. तो वाहत्या पाण्यात धुतात, लाकडी पट्ट्यांनी पाणी निपटून काढतात, उघड्यावर वाळवतात आणि त्याला काही होत नाही, कारण पाण्याला दोन्ही बाजूंनी निघायला वाट असते. टफ्टेडमध्ये लोकर एका कापडात टोचून बसवतात, मागून लेटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा, थर देतात आणि त्यावर दुसरं कापड चिकटवतात. पाणी एकदा लोकरीच्या मुळाशी आणि पहिल्या कापडात शिरलं की खाली लेटेक्स आडवा येतो. त्याला परत वरूनच निघावं लागतं, दाट लोकरीतून. जे कडेने किंवा शिवणीतून मागच्या कापडात गेलं ते तर लेटेक्स आणि फरशी यांच्यामध्ये बंदिस्त होतं. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही आणि पावसाळ्यात गारही असते. म्हणून कडा वाळतात, मध्य वाळत नाही. गालिच्याखाली फोमचं अंडरले, म्हणजे पातळ गादी, घातलेलं असेल तर ते आजच काढा, त्यातही पाणी असणार.

तिसरा तुकडा हवेचा. इथे थोडा हिशेब करून दाखवतो. तुमचा हॉल बारा बाय पंधराचा आणि साडेनऊ फूट उंच धरला तर आत सुमारे ४८ घनमीटर हवा आहे. २८ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २७ ग्रॅम पाण्याची वाफ धरते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्के असली तर त्यातले जवळजवळ २२ ग्रॅम आधीच भरलेले असतात. उरली जागा साधारण ५ ग्रॅमची. म्हणजे खिडक्या बंद केलेल्या तुमच्या हॉलची सगळी हवा मिळून जेमतेम पाव लिटर पाणी घेऊ शकते. गालिच्यात नीट न ओढलेलं पाणी पाच-सहा लिटर सहज असतं. पाव लिटर उडालं की हवा तुडुंब भरते आणि त्यानंतर पंखा तीच ओली हवा गोल फिरवत राहतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी, ३६ अंश आणि २५ टक्के आर्द्रतेला, तेवढाच हॉल दीड लिटरच्या आसपास पाणी घेईल. पाच-सहा पट फरक झाला. म्हणूनच पुण्यातल्या बहिणीचा गालिचा दुपारी धुऊन रात्री अंथरला होता, आमचाच का नाही, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतंच.

मग खिडक्या उघडाव्यात की बंद ठेवाव्यात? हे वेळेवर अवलंबून आहे. धुतल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत घरातली हवा बाहेरच्यापेक्षाही ओली असते. तेव्हा पावसाची झड नसेल तर समोरासमोरच्या खिडक्या उघडून एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावणं फायद्याचं असतं. नंतर आतली आणि बाहेरची हवा सारखी झाली की त्याचा उपयोग संपतो. त्या टप्प्यावर खिडक्या बंद करून एसी लावायचा. ड्राय मोड असेल तर तो, नसेल तर साधा कूल मोड २५-२६ अंशांवर. एसीच्या नळीतून बाहेर जे पाणी टपकतं ते तुमच्या खोलीतल्या हवेतून काढलेलं पाणी असतं. नळीखाली बादली ठेवून बघा, रात्रीत किती जमतं ते दिसेल. अठरावर लावू नका, गालिचाच गार पडला तर त्यातलं पाणी उडायचं मंदावतं. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, भाड्याने मिळाला तर उत्तमच. वाळ्याचा कूलर मात्र चुकूनही लावू नका, तो हवेत पाणी घालतो. चांगल्या हेतूने कूलर लावून बसलेली घरं मी पाहिली आहेत.

आज संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. सोफा, टीपॉय सगळं गालिच्यावरून हटवा. लाकडी पाय ओल्या लोकरीवर रंग सोडतात आणि लोखंडी पायांचा गंज कायमचा बसतो. जाड टर्किश टॉवेल मधल्या भागावर अंथरा आणि त्यावर अनवाणी, टाचा दाबत चाला. टॉवेल ओला झाला की बदला. वेट अँड ड्राय व्हॅक्यूम शेजारी कोणाकडे असेल तर मागून आणा आणि तोंड दाबून अगदी सावकाश फिरवा. आज तिसरा दिवस असला तरी त्यातून पाणी निघालं तर नवल वाटून घेऊ नका. मग गालिचा उचलून पालथा करा आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर किंवा दोन बाकांवर आडवा पसरा, म्हणजे खालून-वरून हवा खेळेल. दोघांनी उचला. ओल्या टफ्टेडचं वजन फार होतं आणि एका टोकाला धरून ओढला तर मागचं कापड सुटतं. याच कारणासाठी तो गॅलरीच्या बारीक रेलिंगवर लटकवू नका, शिवाय लटकवल्यावर रंग आणि मळ पाण्याबरोबर खाली एका रेषेत उतरतात. छताच्या पंख्यापेक्षा टेबल फॅन बरा. तो जमिनीवर ठेवून वारा गालिच्याच्या पृष्ठभागाला घासत आडवा जाईल असा लावा. आमच्याकडचे ब्लोअर हेच करतात.

इस्त्री, हीटर किंवा गरम हवेची गन वापरायच्या भानगडीत पडू नका, लेटेक्स उष्णतेने कडक होऊन पिठासारखा सुटायला लागतो. ऊन पडलंच तर पाठ वर करून थोडा वेळ चालेल, दिवसभर नको. वास दाबायला खाण्याचा सोडा, टाल्कम पावडर किंवा सुगंधी स्प्रे ओल्या गालिच्यावर टाकू नका. सोड्याचा लगदा मुळाशी बसतो आणि तो काढायला पुन्हा पाणीच घालावं लागतं.

वाळलाय की नाही हे वरून हात फिरवून कळत नाही, कारण टोकं सगळ्यात आधी वाळतात. मधोमध लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवा, मुळाशी टिश्यूची घडी ठेवा, टाचेने अर्धा मिनिट दाबा. टिश्यूवर ओल दिसली तर काम बाकी आहे. दुसरी खूण हाताच्या मागच्या बाजूने घ्यायची. ती बाजू आधी कोरड्या कडेला लावा, मग मध्याला. पाणी उडत असतं तिथे गार लागतं. दोन्हीकडे सारखंच लागलं की समजा झालं.

वासाबद्दल घाबरण्याआधी एक फरक ओळखा. ओली लोकर मुळातच थोडी मेंढीसारखी वासते, तो वास वाळल्यावर आपोआप जातो. बंद कपाटासारखा किंवा आंबूस वास मात्र जिवाणू आणि बुरशीचा. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवायला सांगते, कारण त्यानंतर बुरशी धरायची शक्यता वाढते. तुमची ती वेळ उलटून गेली आहे, म्हणून आज रात्रीच हे सगळं करायचा आग्रह धरतोय. घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर गालिचा त्यांच्या खोलीपासून दूर ठेवा.

तपकिरी डाग शॅम्पूचा किंवा रंगाचा नसावा. पाणी खालून वर चढतं आणि शेवटी जिथून उडतं तिथे बरोबर आणलेला मळ सोडतं. त्यात मागच्या कापडातल्या सुताचा किंवा तागाचा तपकिरी अंश असतो. वाळायला जितका उशीर, तितका हा डाग गडद. गालिचा पूर्ण वाळल्यावर, आधी नाही, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि पाच भाग पाणी असं मिश्रण पांढऱ्या फडक्यावर घेऊन डाग टिपा. चोळू नका आणि ओतू तर मुळीच नका. त्याआधी कोपऱ्यात एका रंगावर लावून फडक्याला रंग लागतो का ते बघा. वाळल्यावर लगेच धरला तर बहुतेक वेळा उतरतो, मुरलेला पूर्ण जाईलच असं नाही.

थोडं विषयांतर करतो, पण ऑफिसवाल्यांच्या कामी येईल. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट शनिवारी रात्री धुवून घेतात आणि वीज वाचवायला सेंट्रल एसी रविवारी बंद ठेवतात. काचेची बंद इमारत, एक खिडकी उघडत नाही आणि पाण्याला जायला जागा नाही. सोमवारी सगळा मजला वासतो आणि बोल सफाईवाल्याला बसतो. धुलाईच्या रात्री एसी चालू ठेवायची परवानगी आधी घ्या, नाहीतर धुलाई पुढे ढकला.

पुढच्या वेळेचं म्हणाल तर मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर घरच्या घरी ओली धुलाई टाळा. गणपतीसाठी गालिचा पालथा घालून हलकेच झोडपा, दोन्ही बाजूंनी कोरडा व्हॅक्यूम मारा आणि वरून नीट पिळलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने लव एका दिशेने पुसा. तेवढ्याने तो पाहुण्यांपुढे अंथरण्याजोगा होतो. खरी धुलाई ऑक्टोबरच्या उन्हात, दिवाळीआधी. सांडलवंडीमुळे पावसाळ्यात धुवावाच लागला तर घरी न धुता स्पिनर असलेल्या धुलाईकेंद्रात पाठवा. ते थोडे जास्त पैसे घेतात, पण तिथे गालिचा गुंडाळी करून फिरवतात आणि बहुतांश पाणी काही मिनिटांत निघून जातं. घरीच माणूस बोलावलात तर ‘वाळायला किती तास’ असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळे सहाच देतात. ‘पाणी ओढायला कोणतं मशीन, कोरड्या फेऱ्या किती मारणार, ब्लोअर ठेवून जाणार का’ असं विचारा. जो चाचरला, त्याला सोफ्याच्या उशाही देऊ नका.

आता राहिली पाठ. उद्या-परवा गालिचा कोरडा झाला की उलटा करून चांगल्या उजेडात बघा. मागचं कापड सपाट आणि घट्ट असेल, वासही विरला असेल, तर काळजीचं कारण नाही, अंथरा. काळे-हिरवट ठिपके दिसले, कापडाला फुगे आले असतील किंवा गालिचा हलवल्यावर फरशीवर पिवळट भुकटी पडत असेल, तर लेटेक्स सुटायला लागलाय आणि धुलाईने त्यात काही सुधारणार नाही. नुकसान एवढंच असेल, वरची लोकर शाबूत असेल, तर जुनं कापड आणि लेटेक्स काढून नवीन पाठ लावून देणारे लोक मोठ्या शहरांत मिळतात. त्यांच्याकडून आधी खर्चाचा अंदाज घ्या आणि तो गालिच्याच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका.